‘खऱ्या ड्रमनं कान तयार होतात’ म्हणे!

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘मुलाला इलेक्ट्रॉनिक ड्रम घेण्याआधी हे वाचाच’. खाली नाव नाही, नुसतं ‘एका अनुभवी गुरूंचे बोल’. फिरो बापडा, मी गप्प बसलो असतो. पण आत्यानं तो फॅमिली ग्रुपवर टाकला, ताईनं वाचला आणि भाच्यासाठी ठरवलेला इलेक्ट्रॉनिक सेट (पॅडवर वाजवायचा, हेडफोनमध्ये ऐकायचा) रद्द करून मोकळी झाली. आता ती ‘खऱ्या’ ड्रमचा भाव काढतेय. मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर! तेव्हा आत्या, राग मानू नकोस, पण एकेक मुद्दा घेतोच.

‘हे खेळणं आहे, वाद्य नव्हे.’ नवरात्रात नऊ रात्री ज्याच्या ठेक्यावर तुम्ही सगळ्या गरबा खेळता, तो ऑक्टोपॅडही पॅडच असतो. त्याला तू कधी खेळणं म्हटल्याचं आठवत नाही. पुढे.

‘मशीन चुकलेला ताल आपोआप सुधारून देतं.’ साफ खोटं. पॅडखाली सेन्सर असतो, काठी पडली की तो मॉड्यूलला, म्हणजे आवाज काढणाऱ्या डब्याला, खबर देतो आणि आवाज निघतो. काठी उशिरा पडली तर आवाज उशिरा. ताल सरळ करण्याचं काम रेकॉर्डिंगनंतर कॉम्प्युटरवर, सॉफ्टवेअरमध्ये करतात. उलट हेडफोनमध्ये मेट्रोनोमची, म्हणजे लय धरून देणाऱ्या यंत्राची, टिकटिक लावून वाजवलं की आपण कुठे पळतोय ते लाज वाटेल इतकं स्पष्ट ऐकू येतं.

तिसरा मुद्दा वाचून मात्र डोकंच फिरलं. ‘हेडफोननं मूल बहिरं होतं. उलट खऱ्या ड्रमच्या दणक्यानं लहानपणीच कान तयार होतात.’ कान तयार होतात? कान म्हणजे काय लोणचं आहे मुरायला? आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. मोठ्या आवाजाची ‘सवय झाली’ असं ज्याला वाटतं, त्याला बहुधा कमी ऐकू यायला लागलेलं असतं.

आकडे हवेत? अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी नायॉश ही सरकारी संस्था आहे. तिची मर्यादा अशी: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, असं करत १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. बंद खोलीत ड्रमसेट नेटानं वाजवला तर वाजवणाऱ्याच्या कानाशी आवाज सहज शंभरी गाठतो. बरं, हा हिशोब कामावरच्या मोठ्या माणसांचा. लहान मुलांनी काही ऐकायचं तर जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला याहून कडक आहे: आठवड्याला ४० तास, तेही ७५ डेसिबलपर्यंत. म्हणजे रोज तासभर सराव करणाऱ्या पोरानं कानात प्लग घातल्याशिवाय खऱ्या ड्रमसमोर बसूच नये. हे त्या गुरूंनी एका ओळीतही लिहिलेलं नाही.

हेडफोनला निदान आवाजाचं बटण असतं. ते शेवटापर्यंत फिरवलं तर कान तिथेही जाणारच, हे मान्य. त्यावर उपाय सोपा आहे. पूर्ण कान झाकणारा, बंद कपांचा हेडफोन घ्या. पॅडची खटखट बाहेरच राहते, मग आवाज वाढवावासा वाटत नाही. एकदा आवाज बेताचा लावून नॉबशेजारी नेलपॉलिशचा ठिपका द्या. त्यापुढे नॉब न्यायचा नाही.

आता उशी. ‘सहा महिने उशीवर वाजवावं, मगच ड्रमला हात लावावा.’ नवशिक्यानं सगळ्यात आधी शिकायचं असतं ते काठीला उडू द्यायला. अंगठा आणि तर्जनीत काठी सैल धरायची, टाकायची, ती आपली आपण वर येते, बाकीच्या बोटांनी तिला झेलायचं. डबल स्ट्रोक, म्हणजे एकाच हाताचे लागोपाठ दोन फटके, यातूनच निघतो. उशीवर काठी पडली की मेलीच; प्रत्येक वेळी मनगटानं उचलावी लागते. हात बसलेले वादक ताकदीसाठी उशी वापरतात, ते वेगळं. नवं पोर तिच्यावर काठी आवळून धरायलाच शिकेल. त्यापेक्षा पाचशे-हजाराचं रबरी प्रॅक्टिस पॅड परवडलं.

‘पुढे खऱ्या ड्रमवर हात बसत नाही.’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. ताणलेल्या जाळीचं पॅड काठीला खऱ्या ड्रमपेक्षा जास्त उडवतं. चावीनं ताण बदलून पाहता येतो, पण फरक राहतोच. स्वस्त सेटमध्ये अगदी हलके फटके निसटतात. हाय-हॅट, म्हणजे पायानं उघडझाप होणाऱ्या दोन झांजा, तिथे नुसती एक रबरी थाळी आणि दूर ठेवलेलं पेडल असतं, त्यामुळे दोन झांजा किंचित उघडून वाजवण्याची मजा कळतच नाही. म्हणून अधूनमधून एखादी जॅमरूम तासावर घेऊन खऱ्या सेटवर बसवावं. पण पॅराडिडल, म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा, हे दोन्हीकडे तेच असतं.

‘बडोदं संगीतनगरी, इथे यंत्राला थारा नाही.’ ज्या गवई मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयानं इथे गायनशाळा काढली, त्यांनी गाण्याला लिपी देऊन पुस्तकं छापली होती. नव्या साधनांना नाक मुरडणारं हे गाव नव्हे.

खरी अडचण गुरूंना सुचलीच नाही: पायाच्या पेडलचा धक्का. तो हवेतून नाही, फरशीतून जातो, आणि खालच्या काकांना छतातून धप्-धप् ऐकू येतं. जाड रबरी मॅट, तिच्यावर सतरंजी, आणि रात्री दहानंतर पेडल बंद, नुसते हात. तरी अख्ख्या ड्रमसेटपेक्षा ते सोसवेल. निवासी भागात दिवसाची कायदेशीर मर्यादाच ५५ डेसिबल आहे. ताई, सेट पुन्हा बुक करशील तेव्हा निदान स्नेअर (समोरचा मुख्य ड्रम) जाळीचा आणि किकला (पायाच्या ड्रमला) खरं बीटर, म्हणजे फटका मारणारी मोगरी, असलेलं पेडल एवढं बघून घे. किंमत थोडी चढेल.