कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाकडून उत्तर: 'फुकटचं सॉफ्टवेअर टाकून 500 घेतले'

नमस्कार ताई, तुमचा 2 स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं, मायक्रोसॉफ्ट ऑफिस टाकायला सांगितलं तर त्याच्यासारखंच पण फुकटचं लिब्रेऑफिस टाकून 500 घेतले, आजकाल सगळं ऑनलाईन होतं ते सांगितलं नाही, आणि पाठवलेली फाईल पार्टीकडे, म्हणजे ज्यांचा दस्त लिहिला त्यांच्याकडे, उघडलीच नाही.

आधी शेवटचं, कारण ती चूक माझीच. लिब्रेऑफिस आपणहून वर्डची नाही, स्वतःच्या ओडीटी प्रकारची फाईल बनवतं, टूल्स, ऑप्शन्स, लोड-सेव्हमध्ये जाऊन वर्ड फॉरमॅट कायमचं लावून द्यायचं असतं, ते आमच्या पोराकडून राहिलं आणि मी पण मशीन देताना बघितलं नाही. पार्टीसमोर तुम्हाला खाली बघावं लागलं, सॉरी.

500 चं म्हणाल तर सॉफ्टवेअरचा एक रुपया नाही घेतला, विंडोज नव्यानं टाकली, जुन्या डिस्कवरचा डेटा काढला, प्रिंटर लावला, त्याची मजुरी आहे ती. क्रॅकवालं, म्हणजे चोरीचं, ऑफिस मी टाकत नाही, 200 रुपयात टाकून देणारे बाजारात आहेत, त्यांच्याकडून आलेली व्हायरसवाली मशीनं मग माझ्याच टेबलावर येतात.

आता ऑनलाईनचं. सांगितलं नाही असं नाही ताई, आठवा, तुमच्याच पेनड्राइव्हमधलं 2011 चं खरेदीखत मी गुगल डॉक्समध्ये, म्हणजे गुगलच्या ऑनलाईन वर्डमध्ये, उघडून दाखवलं होतं. 'लिहून देणार' च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस आले, तुम्ही म्हणालात अगं बाई हे काय. तुमचे सगळे जुने दस्त कृतीदेव फॉन्टमध्ये आहेत, तो युनिकोड, म्हणजे कुठेही मराठी दिसेल असा, नाही, आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट असला की मराठी दिसतं. गुगल डॉक्समध्ये आपल्याकडचा फॉन्ट टाकता येत नाही, मशीनवरच्या सॉफ्टवेअरला तो फॉन्ट विंडोजमधून मिळतो. शिवाय तुमच्याकडे नेट म्हणजे मोबाईलचं हॉटस्पॉट, आणि बाहेर नोंदणीला माणसं खोळंबलेली. गुगलचं ऑफलाईन चालतं हो, पण ते नेट असतानाच चालू करून ठेवावं लागतं, नेट गेल्यावर आठवून उपयोग नाही.

हां, एक गोष्ट तुमची बरोबर आहे. तुम्ही आणि ती मदतीला येणारी मुलगी, दोघी एकच फीचा हिशोब दोन मशीनवर ठेवता आणि संध्याकाळी जुळवत बसता, त्याला गुगल शीट्सच पाहिजे, दोघींना एकाच वेळी भरता येईल, कोणी चुकून उडवलं तर जुनी व्हर्जन परत आणता येते. हे मी सुचवायला हवं होतं, दस्ताच्या नादात राहून गेलं. फक्त त्यासाठी वेगळं जीमेल काढू, तुमच्या आत्ताच्या खात्यातले 15 जीबी फोटो आणि व्हॉट्सॅप बॅकअपनी भरत आलेत, भरले की नवीन फाईल बनणार नाही, आणि मग परत मलाच 1 स्टार.

दस्त मात्र मशीनवरच ठेवा, पण नुसते मशीनवर नको, डिस्क काही सांगून जात नाही. दर आठवड्याला पेनड्राइव्हवर कॉपी काढून ती घरी न्या, मशीनशेजारीच ठेवली तर काय फायदा.

शनिवारी दुपारनंतर मशीन घेऊन या, सेटिंग, शीट्स आणि त्या ओडीटी झालेल्या फाईली वर्डमध्ये करून देतो, पैसे नाहीत. येताना प्रिंटरची वायर नको, मागच्या वेळी ती इथेच विसरला होतात, अजून काउंटरवर आहे.