वीरगळ म्हणजे मावळ्यांच्या समाध्या नव्हेत

सध्या सर्वत्र फिरणाऱ्या एका संदेशात म्हटले आहे की, वेशीवरचे वीरगळ (लढताना पडलेल्या वीरांच्या कोरीव शिळा) म्हणजे शिवकालीन मावळ्यांच्या समाध्या होत, प्रत्येकाखाली एक मावळा पुरलेला आहे, आणि तरुणांनी ते तारेच्या ब्रशने घासून, ऑइलपेंट देऊन देवळापुढे सिमेंटच्या चौथऱ्यात बसवावेत. यामागची तळमळ खरी असली, तरी सुट्टीच्या दिवशी या शिळांची निगा राखणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याला उत्तर देणे भाग आहे.

काळाविषयीचा सरसकट दावा चुकीचा आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ शिलाहार-यादव काळातले, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या (१६३०) काही शतके आधीचे आहेत. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे.

समाधीचे म्हणाल, तर वीरगळ हे स्मारक आहे, दफनाची खूण नव्हे. सर्वांत खालच्या पट्टीत झुंज आणि मरण, त्यावर वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, त्याही वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, अशी त्याची साधारण मांडणी असते. खाली गायी दिसल्या, तर तो गावाचे गोधन राखताना पडला असे समजावे. तो कोणाच्या सैन्यात असेलच असे नाही. कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला हात असलेली शिळा तर वीरगळच नव्हे, ती सतीशिळा. पुरलेल्या मावळ्याची कथा पसरली की गुप्तधनवाल्यांच्या कुदळीही मागोमाग येतात, याची आम्हाला फार धास्ती वाटते.

सर्वाधिक हानी होते ती साफसफाईत. तारेच्या ब्रशने आधी झिजतात त्या बांगड्यांच्या रेषा आणि ढालीवरची नक्षी. ऑइलपेंटने उरलेसुरले बुजते. साधे पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर सवड एवढेच पुरते. शेंदूर असेल, तर त्या शिळेला देव मानणाऱ्या घरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. काही वेळा घासण्याचीही गरज नसते: उन्हे कलली की तिरप्या प्रकाशात, दुपारी सपाट वाटलेल्या दगडावर तलवारीची मूठ स्पष्ट उमटते.

जागा हाही पुरावाच आहे. म्हणून दगड हलवण्याऐवजी तो आहे तिथेच मोजावा, छायाचित्रे काढावीत आणि ग्रामपंचायतीकडे नोंद द्यावी. आम्ही पाहिलेल्या एका चौथऱ्यात वीरगळाची खालची पट्टी पूर्ण सिमेंटमध्ये गेली आहे. अप्सरा दिसतात, शिवलिंग दिसते. तो वीर कशासाठी लढला, ते मात्र आता कोणालाच दिसत नाही.