४५ अंशांची रेषा आणि ताणलेला चार्ट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

चार्ट ताणला की कुठली टूल्स बिघडतात, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन आहेत. अमेरिकन ट्रेडर गॅनने स्वतः ४५ अंशांची रेषा वापरली आणि तुमच्या निफ्टीच्या चार्टवरही ती दोनदा टिकली, तर ‘स्क्रीनवर कोन मोजू नका’ हे मी कशाच्या आधारावर लिहिलं? स्केलने एवढा फरक पडत असता तर फिबोनाची रिट्रेसमेंटही (तळ आणि शिखर यांमधल्या अंतराच्या ठरावीक टक्क्यांवरच्या आडव्या पातळ्या) बिघडली असती, पण ती लॅपटॉपवर आणि मोबाइलवर तीच पातळी दाखवते. आणि पिचफोर्कला (तीन बिंदूंवरून काढलेल्या तीन समांतर रेषांच्या टूलला) मी विनाकारण बिघडणाऱ्या टूल्सच्या यादीत ओढलं.

तिसरा आक्षेप पूर्ण मान्य. साध्या स्केलवर (समान अंतर म्हणजे समान पॉइंट) चार्ट उभा ताणा की आडवा, मध्यबिंदू मध्यबिंदूच राहतो आणि समांतर रेषा समांतर राहतात. पिचफोर्कला याहून जास्त काही लागत नाही. लेखातलं ते वाक्य काढून टाकलं आहे. लक्षात आणून दिलंत, आभार.

४५ अंशांबाबत मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. गॅन (१८७८–१९५५) चौकटीच्या कागदावर हाताने चार्ट काढायचा. उभी एक चौकट म्हणजे ठरावीक किंमत, आडवी एक चौकट म्हणजे एक दिवस किंवा एक आठवडा. १×१ म्हणजे एका कालखंडाला किमतीचं एक एकक. कागदाची चौकट चौरस होती म्हणून ती रेषा ४५ अंशांत दिसायची. गुणोत्तर आधी ठरायचं, कोन त्यातून निघायचा. १×२ रेषेचा (दोन कालखंडांना एक एकक) कोन कितीतरी ठिकाणी २६.२५ अंश छापलेला दिसतो, पण चौरस चौकटीवर तो २६.५७ भरतो. १×४ ला १५ लिहितात, प्रत्यक्षात १४.०४. कोनाचा आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी काम अडत नव्हतं, कारण काम गुणोत्तरावर चालायचं.

आता तुमच्या स्क्रीनचं बघू. समजा चार्टची उंची ६०० पिक्सेल आहे आणि त्यात १२०० पॉइंट मावलेत, म्हणजे एका पिक्सेलला २ पॉइंट. कँडल म्हणजे एका कालखंडाच्या भावांची खूण, दोन कँडलमधलं अंतर ८ पिक्सेल. इथे ४५ अंशांची रेषा म्हणजे कँडलमागे ८ पिक्सेल वर, म्हणजे १६ पॉइंट. चार्ट थोडा सरकवला, ऑटो स्केलने (भावांची पट्टी आपोआप जुळवणाऱ्या सोयीने) किमतींचा पट्टा आवळला आणि तेवढ्याच उंचीत ६०० पॉइंट आले, की तीच १६ पॉइंटांची रेषा ६३.४३ अंशांवर उभी राहते. एकही भाव बदललेला नसतो. उलट, कोन धरून ठेवणारं टूल वापरलंत तर रेषा दिसते तशीच, पण तिचा अर्थ कँडलमागे ८ पॉइंट होतो. ५० कँडलनंतर पहिली रेषा ८०० पॉइंट वर असते आणि दुसरी ४००. म्हणून ‘४५ अंशांची रेषा टिकली’ एवढ्यावरून कुठली रेषा टिकली ते कळत नाही.

फिबोनाची सर्कल आणि आर्क यांचंही तेच. पिक्सेलवर काढलेलं वर्तुळ पट्टा बदलला की वेगळ्या भावांना छेदतं, भावावर काढलेलं लंबवर्तुळ होतं. काटकोन आणि चौरस यांवर उभी असलेली टूल्सही याच गटातली.

उपाय सोपा आहे. कोन विसरा, दर कँडलला किती पॉइंट ते ठरवा. निफ्टीचा १७ जून २०२२ चा तळ १५१८३.४० आहे. कँडलमागे २० पॉइंट धरायचे तर १०० कँडल पुढचा बिंदू १७१८३.४०. साधी ट्रेंडलाइन टाका, सेटिंगमधल्या कोऑर्डिनेट्समध्ये दुसऱ्या टोकाचा भाव आणि कँडलचा क्रमांक हाताने भरा. ही रेषा साध्या स्केलच्या कुठल्याही स्क्रीनवर त्याच भावांतून जाईल. डोळ्यालाही ४५ अंशच दिसायला हवेत, तर ट्रेडिंगव्ह्यूमध्ये किमतीच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘लॉक प्राइस टू बार रेशो’ लावा. मेटाट्रेडरच्या गॅन टूलला दर कँडलचं प्रमाण ‘स्केल’ या रकान्यात द्यावं लागतं. तिथला आकडा न बघता पंखा (एका बिंदूतून निघणाऱ्या गॅन रेषांचा संच) टाकला, तर त्या रेषा तुमच्या मनातल्या १×१ च्या असतीलच असं नाही.

आता फिबोनाची. ताणल्याने ती बिघडत नाही, हे तुमचं बरोबर. लॉग स्केल हे मात्र ताणणं नव्हे. तिथे समान अंतर म्हणजे समान टक्के. निफ्टीचा २४ मार्च २०२० चा तळ ७५११.१० आणि १९ ऑक्टोबर २०२१ चा शिखरबिंदू १८६०४.४५ घ्या. ५० टक्क्यांची पातळी साध्या हिशेबाने १३०५८ येते, लॉगने ११८२१. २३.६ टक्क्यांची अनुक्रमे १५९८६ आणि १५०१९. जून २०२२ चा तळ या दोन आकड्यांच्या मध्ये पडला, म्हणजे एका हिशेबाने पातळी तुटली, दुसऱ्याने टिकली. एवढ्यावरून लॉगच खरा असं मी म्हणणार नाही. पण पातळी सांगताना हिशेब कुठला ते सांगितलंच पाहिजे. चार्ट लॉगवर असला तरी टूल साध्याच हिशेबाने चाललेलं असू शकतं, ट्रेडिंगव्ह्यूमध्ये त्यासाठी टूलच्या सेटिंगमध्ये वेगळी खूण करावी लागते. पडताळायला १०० ते ४०० असं टूल ओढा : मधली पातळी २५० आली तर साधा हिशेब, २०० आली तर लॉग.

ट्रेंडलाइन तर लॉगवर बदलतेच. कँडल ० वर १०० आणि कँडल १०० वर २०० यांतून जाणारी रेषा कँडल २०० वर साध्या स्केलने ३०० ला पोचते, लॉगने ४०० ला. म्हणून चढत्या आधाररेषेचा भंग लॉगवर आधी दिसतो. पिचफोर्कचाही मध्यबिंदू इथे हलतो, तेवढ्यापुरता तो यादीत परत येतो.

काळाच्या अक्षाकडे सहसा कोणी बघत नाही. डेली चार्टवर शनिवार-रविवारची कँडल बहुधा नसते आणि दिवाळीच्या मुहूर्त ट्रेडिंगचा तासाभराचा व्यवहारही पूर्ण दिवसाएवढी जागा घेतो. वर्षात कँडल साधारण अडीचशे, दिवस ३६५. कॅलेंडरच्या दिवसाला १० पॉइंटांची रेषा म्हणजे कँडलमागे सुमारे साडेचौदा. शेअरच्या बाबतीत बोनसही बघा. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये १:१ बोनस (प्रत्येक शेअरमागे एक मोफत शेअर) दिला, तेव्हा समायोजित (बोनसनुसार जुने भाव जुळवलेल्या) चार्टवर आधीचे सगळे भाव निम्मे झाले. कँडलमागे ४ रुपयांची जुनी रेषा आता २ रुपयांची काढावी लागते, १×१ चं एककही निम्मं करावं लागतं.

तुमच्या त्या दोनदा टिकलेल्या रेषेबद्दल मला खरंच उत्सुकता आहे. ती कुठल्या कँडलवर सुरू होते, दर कँडलला किती पॉइंट चढते आणि चार्ट साधा होता की लॉग, एवढं कळवा, म्हणजे मला ती जशीच्या तशी काढून बघता येईल.