पखवाज वाजवणारे सासरे आणि रॅप ऐकणारा मुलगा

ताई, भजन-अभंगांनी माणूस घडतो, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो, पण हात आखडला.

'काकड्याच्या आवाजानं जागी होणारी पोरं वाया जात नाहीत' हे माझं वाक्य तुम्ही उचललंत. त्याखाली लिहिलंत, की तुमच्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवला, एक एकादशी चुकवली नाही, आणि भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिरकावलं. उलट दिवसभर कानात रॅप लावून फिरणारा तुमचा मुलगा न सांगता हंडे भरतो. 'आता सांगा, कोणाला कशानं घडवलं?'

ते वाक्य मागे घेतो. कानाला गोड लागलं म्हणून ठेवलं होतं, पारखून घेतलं नव्हतं. त्याच लेखात रॅपला 'धांगडधिंगा' म्हटलं तेही न ऐकताच.

खरं तर तुम्ही मला याहून मोठा दाखला देऊन गप्प करू शकला असता. चोखोबांचे अभंग वारकऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांनी डोळ्यांत पाणी आणून गायले. तरी चोखोबांच्या जातीच्या माणसांना पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकायला 1947 साल उजाडावं लागलं. त्यासाठी त्या वर्षी मे महिन्यात साने गुरुजींना तिथं उपोषणाला बसावं लागलं. विरोध करणाऱ्यांना ते अभंग पाठ नव्हते असं कोण म्हणेल? आणि गुरुजींना उपोषणासाठी आपला मठ देणारे तनपुरे महाराजही वारकरीच, तेच अभंग गाणारे. चाल तीच, शब्द तेच. माणसं दोन तऱ्हांची निघाली.

तुकोबांना हे पक्कं ठाऊक असणार. जिथं कीर्तन करावं तिथं अन्न घेऊ नये, कपाळाला बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, असं त्यांनी कीर्तनकारांना बजावलं आहे. घोड्याबैलांना दाणावैरणसुद्धा मागायची नाही! नुसत्या गाण्यानं माणूस सुधारत असता तर एवढी बंधनं कशाला घालावी लागली असती?

मग मी माझं म्हणणं सोडलं का? सगळं नाही.

आमच्या गावच्या सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. दोन-दोन तासांचे पहारे लागतात, फळ्यावर नावं असतात. एका वर्षी बांधावरून कोर्टात गेलेले दोन चुलतभाऊ लागोपाठच्या पहाऱ्याला आले. नावं लिहिणाऱ्यानं मुद्दाम केलं की चुकून, देव जाणे. मी टाळ घेऊन तिथंच पेंगत होतो. रात्रीचे दोन वाजले. वीणा देताघेताना एकमेकांच्या पाया पडायचं असतं, लहानमोठा बघायचा नाही. थोरला वाकायला लागला. गळ्यात वीणा घेऊन वाकणं अवघड, दांडी कुठंतरी आपटते. धाकट्यानं ती दांडी धरून सावरली. मग तोही वाकला. बोलले काहीच नाहीत. वीणा गळ्यातून गळ्यात गेली आणि थोरला चप्पल शोधत बाहेर पडला.

दावा मिटला नाही, अजून तारखा पडताहेत. पण समोरून दुसरा येताना दिसला की वाट बदलायचे, ते त्यानंतर बंद झालं. माझ्या पदरात एवढंच आहे. यावरून शेजारच्या कोणाची भक्ती तोलायला मी पुन्हा जाणार नाही. मात्र नुसत्या ऐकण्यानं हे झालं नसतं असं मला वाटतं. रेकॉर्डवरचा अभंग कोणाला वाकायला लावत नाही, तो गादीवर लोळतही ऐकता येतो. मी स्वतः तसाच ऐकतो.

तुमच्या सासऱ्यांबद्दल मी काय बोलणार? ते तुम्ही सोसलंय. पखवाज वाजवणाऱ्याला सतत गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. तो कुठं श्वास घेतो, कुठं चाल बदलतो, कुठं थकतो, हे हेरून त्याला सांभाळावं लागतं. चाळीस वर्षं ज्यांनी हे देवळात केलं, त्यांना घरात सुनेच्या तोंडाकडे बघता आलं नाही, याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

मुलगा काय ऐकतो, त्यातली दोन गाणी कळवा. पुतणीचा हेडफोन मागून घेतलाय, या वेळी ऐकून मग लिहीन.