‘मायरा’ : अर्थ, उगम आणि स्वभाव यांविषयीचे दावे

मुलींच्या नावांच्या याद्यांबरोबर एक मजकूर वरचेवर पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे असे : ‘मायरा’ हे प्राचीन संस्कृत नाव असून त्याचा अर्थ ‘प्रिय’ आहे, ‘म’ अक्षरामुळे या मुली सिंह राशीच्या, म्हणून नेतृत्व करणाऱ्या असतात, नामांक (नावाच्या अक्षरांना दिलेल्या अंकांच्या बेरजेतून येणारा एक अंक) ३ असल्याने त्या बोलक्या असतात, आणि हे सारे वर्णन अनुभवाला पटते. नाव सुरेख आहे, याबद्दल वाद नाही. वाद त्याला चिकटवलेल्या माहितीशी आहे.

प्रथम उगम. संस्कृतात प्रिय स्त्रीसाठी दयिता, कान्ता, वल्लभा असे शब्द विपुल आहेत. ‘मायरा’ त्यांत नाही, आणि तो कोणत्या धातूपासून, कोणता प्रत्यय लागून सिद्ध झाला हे हा मजकूर सांगत नाही. ‘माया’शी नाते जोडावे, तर ममता हा अर्थ मराठीतला, संस्कृतात माया म्हणजे भ्रम, कपट किंवा अद्भुत शक्ती. राजस्थानात ‘मायरा’ हा शब्द आहे खरा, पण भाचरांच्या लग्नात मामा जो आहेर घेऊन येतो, त्याला तो म्हणतात. मुलीचे नाव म्हणून ‘मायरा’चा स्पष्ट माग लागतो तो इंग्रजी कवितेत : फुल्क ग्रेव्हिल (१५५४–१६२८) या कवीने आपल्या प्रेमकवितांत ते वापरले. ‘मेरी’ या नावाच्या रोमन अक्षरांची ही अदलाबदल असावी, ‘नवल वाटणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून ते घडले असावे किंवा बोळ या सुगंधी डिंकाच्या लॅटिन नावावरून आले असावे, असे तर्क केले जातात. शेवटचा तर्क स्वीकारला, तर त्या लॅटिन शब्दामागचे सेमिटिक (अरबी, हिब्रू यांच्या भाषाकुळातले) मूळ ‘कडू’ या अर्थाचे आहे, हे ‘प्रिय’वाल्यांनी लक्षात घ्यावे.

राशीच्या दाव्यात तर परंपरेचाच क्रम उलटा झाला आहे. २७ नक्षत्रांचे प्रत्येकी चार याप्रमाणे १०८ चरण मानतात. जन्मवेळी चंद्र ज्या चरणात असेल, त्याचे अक्षर नावासाठी सुचवले जाते. मघाच्या चार चरणांना मा, मी, मू, मे ही अक्षरे आहेत आणि मघा सिंह राशीत येते. म्हणजे जन्मवेळेवरून अक्षर ठरते. केवळ आवडले म्हणून ‘मायरा’ ठेवलेल्या मुलीचा चंद्र कोणत्याही राशीत असू शकतो. त्यामुळे ज्योतिष मानणाऱ्यालाही हा निष्कर्ष काढता येत नाही.

नामांकाचे काम थोडक्यात आटोपते. एम, वाय, आर, ए या अक्षरांना पायथागोरसच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत ४, ७, ९, १ असे अंक मिळतात. बेरीज २१, आणि २ व १ मिळून ३. खाल्डियन म्हणवल्या जाणाऱ्या पद्धतीत तेच अंक ४, १, २, १ होतात आणि बेरीज ८ येते. स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ वाढवला, की दोन्ही उत्तरे पुन्हा बदलतात.

राहिला अनुभव. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला ‘त्याचे’ स्वभाववर्णन दिले आणि ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. वर्णन सर्वांना एकच दिले होते, आणि त्यातली वाक्ये ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेली होती. ‘हळवी पण निश्चयी’, ‘मनमिळाऊ पण एकांतप्रिय’ अशा जोड्या याच कारणाने प्रत्येकीला लागू पडतात, मग तिचे नाव काहीही असो.