दोन आण्यांचे इंटरनेट

पुण्यातल्या आमच्या घरातले केबल इंटरनेट पूर्णपणे बंद असे कधीच पडले नाही, आणि खरी अडचण तीच होती. बंद पडलेल्या वस्तूची तक्रार करता येते. पण मध्येच चालणाऱ्या, मध्येच थबकणाऱ्या आणि केबलचा मुलगा दारात उभा राहताच शहाण्यासारखी वागू लागणाऱ्या वस्तूची तक्रार केली, की संशय तक्रारदाराच्या डोक्यावरच येतो. कन्येची कार्यालयीन बैठक रंगात आली, की पडद्यावरचे तिचे साहेब 'आ' वासून गोठत, आणि ते नेमके काय म्हणणार होते हे तिला दुसऱ्या दिवशी कळे.

फोन केल्यावर मिळणारे पहिले उत्तर ठरलेले असे : "काका, मोडेम बंद करून दोन मिनिटांनी चालू करा." दुसरे त्याहून पक्के : "वरूनच प्रॉब्लेम आहे." हे 'वर' म्हणजे गच्चीवरचा सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर, केबलवाल्याचे कार्यालय की साक्षात परमेश्वर, याचा उलगडा अखेरपर्यंत झाला नाही. पावसाळ्यात गच्चीवरच्या जोडात पाणी शिरलेले असे, आणि पावसाळा सरल्यावर संध्याकाळी सगळी सोसायटी एकदम क्रिकेट पाहत असे. दोन्ही कारणे शास्त्राला धरून होती, कारण पाण्याने सिग्नल खालावतो आणि परिसरातली घरे एकाच केबलची क्षमता वाटून घेतात. मात्र मे महिन्यात पहाटे पाच वाजता, जोड कोरडा आणि सोसायटी घोरत असतानाही साहेबांचे गोठणे थांबत नाही, याला त्या शास्त्रात उत्तर नव्हते.

मग मी मोडेमची जागा बदलून पाहिली. तो फ्रिजवर बसला, पुस्तकांच्या कपाटावर चढला. देवघराशेजारची जागा मात्र सौभाग्यवतींनी नाकारली. शेवटी सुट्टीला आलेल्या भाच्याने लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट मोडेमला जोडला, आणि वेग तेवढाच रडका निघाल्याने वाय-फाय निर्दोष सुटले. त्याने १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर मोडेमचेच एक पान उघडले. वर्षभर मी ज्याला शिव्या देत होतो, त्या बिचाऱ्याने आपली सगळी प्रकृती तिथे आकड्यांत लिहून ठेवली होती, आणि आमच्यापैकी कोणी ती वाचली नव्हती.

येणाऱ्या सिग्नलची ताकद शून्याच्या आसपास असावी, उणे ७ डीबीएमव्हीपर्यंत (हे सिग्नलची ताकद मोजायचे माप) तक्रार नसावी, असे भाच्याने सांगितले. आमच्याकडे ती उणे १३ होती. उलट दिशेने मोडेम ५२ च्या ताकदीने पाठवत होता. "मामा, तो ओरडतोय," भाचा म्हणाला. मला लगेच ट्रंक कॉलच्या काळातले आमचे नागपूरचे काका आठवले. पलीकडे नीट ऐकू जात नाही असे वाटले, की ते इतके ओरडत, की फोन नसता तरी पुण्यात ऐकू आले असते.

या आकड्यांचा कागद हाती असल्यामुळे या वेळी केबलचा मुलगा 'वर' न बघता खिडकीकडे वळला आणि केबल जिथून घरात शिरते तिथून तिचा माग काढू लागला. ओट्याच्या वर एक स्प्लिटर सापडला, बेडरूमच्या दारामागे दुसरा आणि दिवाणखान्यातल्या शोकेसमागे, कोळ्याच्या जाळ्यात, तिसरा. दोन तोंडांचा प्रत्येक स्प्लिटर सिग्नलचे निम्मे-निम्मे वाटे करतो, शिवाय मध्यस्थाने खावे तसे थोडे स्वतःही खातो. म्हणजे घरात सोळा आणे सिग्नल येत होता; पहिल्या वाटणीनंतर आठ आणे उरत, दुसरीनंतर चार, आणि तिसरीनंतर मोडेमच्या पदरात जेमतेम दोन आणे पडत. वडिलोपार्जित जमिनीचे तुकडे पडतात ते निदान तीन पिढ्यांत. आमच्याकडे तेच काम तीन खोल्यांत उरकले होते.

त्यातही ज्यांच्यासाठी या वाटण्या झाल्या, ते वारसदार हयात नव्हते. २०१३ साली पुण्यात केबलला सेटटॉप बॉक्स सक्तीचा झाला, आणि प्रत्येक टीव्हीला वेगळा बॉक्स घेणे परवडेना म्हणून स्वयंपाकघरातला आणि बेडरूममधला टीव्ही आम्ही भंगारात दिले. त्यांची केबलची टोके मात्र उघडी राहिली, आणि खरे तर अशा टोकाला ७५ ओहमचे टोपण लावायचे असते. नाहीतर सिग्नल तिथे आपटून परत फिरतो आणि बाहेरचा गोंगाटही आत शिरतो.

मुलाने दोन स्प्लिटर काढले, उरलेल्या एकाचे जोड नव्याने बसवले आणि पान पुन्हा उघडले. सिग्नल उणे ६ वर आला होता आणि मोडेम ४५ वर, म्हणजे माणसात आल्यासारखा बोलू लागला होता. काढलेले दोन्ही स्प्लिटर तळहातावर घेऊन मुलाने विचारले, "काका, हा उद्योग कोणी केला होता?"

"पूर्वीच्या केबलवाल्याने असेल," मी गंभीरपणे म्हणालो.

"अहो, असेल काय?" आतून आवाज आला. "एक माझ्या मालिकांसाठी आणि दुसरा वर्ल्ड कपसाठी, तुम्हीच नाही का स्टुलावर चढून लावलात? वर साठ रुपये वाचवले म्हणून आठवडाभर सांगत होता."

मी मुलाला विचारले, चहात साखर किती घेणार.