बर्फ, क्रेप बँडेज आणि ‘संशोधन कशाला?’

प्रशिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मतितार्थ असा: दुखापतीला बर्फ, बँडेज आणि आराम पुरतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पोरगा बरा झाला की नाही हे वस्तादाला त्याची चाल बघून कळतं. उपचारानंतर खेळाडूचं काय झालं याचे फॉर्म भरून घ्यायचे आणि त्यावर पैसा घालायचा, ही अमेरिकेची चैन; फॉर्म भरणं म्हणजे संशोधन नव्हे. आणि वाचायचंच असेल तर परदेशातलं संशोधन फुकट मिळतंच. तेव्हा तो पैसा पोरांच्या खुराकाला द्या. खाली हात जोडलेला इमोजी.

मी फिजिओ आहे. संशोधनासाठी हा पैसा आला तर माझ्या क्षेत्राचं भलं होणार, हे आधीच सांगून टाकतो.

बर्फापासून सुरुवात करू. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे चार शब्दांचं सूत्र गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७८ साली आपल्या पुस्तकात मांडलं आणि ते जगभर पाठ झालं. त्याच मर्किननी २०१४ मध्ये लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे दुखापत भरून यायला उलट उशीर होऊ शकतो. वेदना कमी करायला बर्फ आजही चालतो, पण मुरगळलेला घोटा आठवडाभर उशीवर ठेवून द्या, असं आता कोणी जाणकार सांगत नाही. सोसेल तेवढा भार लवकर द्यायला लागतात. म्हणजे ‘सगळ्यांना ठाऊक’ असलेली गोष्ट छत्तीस वर्षांत तिच्या जनकानंच बदलली.

दुसरं उदाहरण आमच्याच घरातलं. घोट्याला जेल लावायचं, अल्ट्रासाऊंडचं गोल डोकं पाचेक मिनिटं फिरवायचं, पेशंट खूश. कोक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या आढाव्यात घोटा मुरगळण्यावरच्या अशा ६ चाचण्या आणि ६०६ रुग्ण तपासले गेले. बहुतेक चाचण्यांत निम्म्या लोकांवर नुसतं नाटकी मशीन फिरवलं होतं. खऱ्या आणि खोट्या मशीनमध्ये म्हणावा असा फरक निघाला नाही. आमच्या व्यवसायात हे ऐकायला फारसं कोणाला आवडत नाही. पण त्या सिटिंगचे पैसे पोराचा बाप मोजतो, आणि खुराकाचेही तोच.

आता वस्तादाची नजर. तिच्याबद्दल मला आदर आहे. लंगडणं, सूज, अंग चोरणं तिला माझ्याआधी दिसतं. पण एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक महत्त्वाचा अस्थिबंध (लिगामेंट), तुटून ऑपरेशन झालेला पोरगा सहाव्या महिन्यात सरळ रेषेत झकास पळतो. नजरेला तो बरा दिसतो. अमेरिकेतल्या डेलावेअर आणि नॉर्वेतल्या ऑस्लोच्या संशोधकांनी अशा खेळाडूंचा दोन वर्षं पाठपुरावा केला आणि २०१६ साली मांडलं की नवव्या महिन्यापर्यंत मैदानावर परतणं जितके महिने लांबवलं, त्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटत गेलं. सहावा आणि नववा महिना यांतला फरक चालीत दिसत नाही. तो पाठपुरावा केला म्हणून दिसला.

सर्जनच्या फाइलमध्ये तर प्रत्येक ऑपरेशन यशस्वीच असतं. २०१४ सालच्या एका मोठ्या आढाव्यानुसार एसीएलच्या ऑपरेशननंतर ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतले, पण स्पर्धेत उतरले फक्त ५५ टक्के. बाकीच्यांचे टाके वेळेवर निघाले होते, एवढंच.

‘फॉर्म भरणं म्हणजे संशोधन नव्हे’ हा टोमणा मला सगळ्यात जास्त खुपला, कारण पैसा वाचवायची गोष्ट नेमकी इथंच आहे. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या १२१ तरुण, खेळणाऱ्या लोकांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाचं लवकर ऑपरेशन. दुसऱ्याला आधी शिस्तीत व्यायाम, गरज पडली तरच नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांकडून गुडघ्याची तीच प्रश्नावली भरून घेतली: दुखतं का, जिना उतरता येतो का, वळून पळता येतं का. उत्तरांत फरक नव्हता, आणि व्यायामाच्या गटातल्या ५९ पैकी ३६ जणांना तोवर ऑपरेशन लागलंच नव्हतं. व्यावसायिक खेळाडू या चाचणीत नव्हते, त्यामुळे तिचा निष्कर्ष सगळ्यांना सरसकट लावता येणार नाही. तरी ऑपरेशनसाठी दागिने गहाण ठेवायला निघालेल्या घरात एवढी माहिती पोचली तर काय होईल, याचा विचार करा.

अमेरिकेच्या चैनीबद्दल थोडं. तिथले ‘ॲथलेटिक ट्रेनर’ म्हणजे जिममधले ट्रेनर नव्हेत. शाळा-कॉलेजच्या मैदानावर हजर राहून दुखापतीला पहिला हात घालणारे आणि खेळाडू परत उतरेपर्यंत सोबत राहणारे हे वैद्यकीय कर्मचारी. त्यांच्या संघटनेचं प्रतिष्ठान असल्या संशोधनाला अनुदान देतं. या क्षेत्रातलं एक काम बघा. मॅसॅच्युसेट्समधल्या फॅलमथला भर ऑगस्टमध्ये ७ मैलांची शर्यत होते. अंतिम रेषेजवळच्या तंबूत बर्फाच्या पाण्याचे टब भरलेले असतात. धावपटू कोसळला, बरळायला लागला, की गुदद्वारातून ताप मोजायचा आणि उष्माघात असेल तर त्याला तिथंच टबात बसवायचं. आधी थंड करायचं, मग हॉस्पिटल. त्या तंबूतल्या १८ वर्षांच्या नोंदी काढल्या तेव्हा उष्माघाताच्या २७४ केसेस निघाल्या. सगळे वाचले. यात चैनीचं काय आहे? टब, बर्फ, थर्मामीटर आणि वही. आपल्याकडे उन्हाळी शिबिरात पोरगा कोसळला तर तोंडावर पाणी मारून गाडीची वाट बघतात.

परदेशातलं फुकट मिळतं, हा मुद्दा मात्र वजनदार आहे आणि अर्धा मला मान्यच आहे. नॉर्वेत १२५ क्लबांतल्या १,८९२ फुटबॉलपटू मुलींवर २० मिनिटांचा ठरावीक वॉर्मअप तपासला गेला. पायांच्या दुखापतींतली घट पुरेशी पक्की ठरली नाही, पण एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी झाल्या. तो वॉर्मअप आपल्या फुटबॉलच्या पोरापोरींना उद्यापासून द्या, त्यासाठी वेगळं अनुदान मागायची गरज नाही. पण कबड्डीचं काय? चढाईपटू मध्यरेषेकडे वळलेला असतो, मागून घोट्याची पकड बसते, वर साखळीचं वजन पडतं आणि गुडघा आत वळतो. हे ऑस्लोत बसून कोण मोजणार? कुस्तीत माती आणि मॅट यांतला फरक, खो-खोतलं खांबाभोवतीचं वळण, मल्लखांबाचे खांदे, हे आपणच मोजायचं आहे. स्वीडनमधल्या चाचणीतली ती गुडघ्याची प्रश्नावलीच घ्या. तिच्यात ४२ प्रश्न आहेत. मोजे घालता-काढता येतात का, बाथटबमध्ये उतरता येतं का, हे विचारलंय. उकिडवं बसणंही आहे. मांडी घालून बसणं नाही. आमच्याकडचा पेशंट तेच पहिल्यांदा विचारतो.

राहिला खुराक. दूध-बदाम द्याच, त्याला कोणाची ना आहे? मेसेजमधला राग एका बाबतीत रास्त आहे: संशोधनाच्या नावानं महागडी यंत्रं आणायची आणि ती कव्हरखाली धूळ खात ठेवायची, हे होतं. पण मी ज्याबद्दल बोलतोय त्याला यंत्र लागतच नाही. नॉर्वेनं २००४ मध्ये आणि स्वीडन-डेन्मार्कनं २००५ मध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या ऑपरेशनची देशव्यापी नोंदवही सुरू केली: कोणाला काय झालं, काय केलं, आणि काही वर्षांनी तो काय म्हणतो. आपल्याकडे एका जिल्ह्यातल्या कबड्डी संघांपुरती ती सुरू करता येईल. खर्च आहे तो माणसाचा. पोरं पोलीस भरतीला जातात, पुण्याला कंपनीत लागतात, सिमकार्ड बदलतात. वर्षभरानं त्यांना शोधून काढून ‘गुडघा कसा आहे रे?’ विचारायला पगारी माणूस लागतो, आणि आजवर कुठल्याच बजेटमध्ये त्या माणसासाठी पैसे ठेवलेले मी पाहिलेले नाहीत.